ईस्टर जागरण ते पेंटेकॉस्ट: धर्मग्रामाच्या उपासना गटाने आधीपासून काय काय पाहावं (२०२७)

जुना वेदीसेवक

२०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे बराच लवकर. राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, झावळ्यांचा रविवार २१ मार्चला. वसईतल्या धर्मग्रामांत (पॅरिशांत) प्रायश्चित्त काळाची, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांची, तयारी मनापासून होते: क्रूसाची वाट, रिट्रीट, आळीआळीतल्या प्रार्थना. शनिवारच्या रात्रीपर्यंत मात्र सगळ्यांची दमछाक झालेली असते, आणि वर्षातला सर्वांत मोठा विधी आयत्या वेळी उभा राहतो. पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतचे, पुढचे पन्नास दिवस तर कुणी आखलेलेच नसतात. म्हणून हा धागा. आपापल्या कामाचा तपशील लिहा, म्हणजे नव्या मुलांना उपयोग होईल.

सुरुवात वेळेपासून. जागरण विधी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या शनिवारची उपासना, रात्रीचाच. १९८८ साली रोमहून पास्काच्या (ईस्टरच्या) सणांबद्दल जे परिपत्रक आलं, त्यात हे ठणकावून सांगितलंय: अंधार पडल्यानंतर सुरू आणि रविवारी उजाडण्यापूर्वी संपलेला. मार्चअखेरीस आपल्याकडे सूर्यास्त पावणेसात-सातच्या दरम्यान होतो आणि आकाशातला उजेड जायला त्यानंतरही तासभर लागतो. सातची वेळ ठेवली की अग्नीचा आशीर्वाद संधिप्रकाशात होतो आणि प्रकाशविधीचा, म्हणजे अग्नी आणि मेणबत्तीच्या सुरुवातीच्या भागाचा, अर्थच हरवतो. आठच्या आधी नको. यंदा पौर्णिमा २२ मार्चला येते, त्यामुळे शनिवारी चंद्र बराच उशिरा उगवेल आणि अंगणात खरा काळोख मिळेल.

आता अग्नी. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नको: भडका उडतो, वास पसरतो आणि काजळी पांढऱ्या झग्यांवर बसते. करवंट्या उत्तम. पंधरा-वीस करवंट्या, खाली सुकी सोडणं, मध्ये कापराच्या चार-पाच वड्या, भोवती बोटभर जाडीची सुकी लाकडं. विधीच्या पाऊण तास आधी पेटवा, म्हणजे आशीर्वादाच्या वेळी ज्वाळाही असते आणि धुपाटण्यासाठी निखारेही तयार होतात. सुकी चुडतं टाकू नका, ठिणग्या उडतात. मंडपाच्या कापडापासून किमान दहा-बारा फूट अंतर ठेवा, आणि एक बादली वाळू, एक बादली पाणी जवळ असू द्या. लोकांना वारा येतो त्या बाजूला उभं करा, नाहीतर पहिली पाच मिनिटं सगळे डोळे चोळत राहतात.

मेणवाली

पास्काच्या मेणबत्तीबद्दल मी लिहिते. त्याच परिपत्रकातले नियम: ती खरोखर मेणाची हवी, दरवर्षी नवी हवी, एकच हवी आणि बऱ्यापैकी मोठी हवी. आत तेलाची नळी बसवलेली प्लास्टिकची मेणबत्ती चालत नाही. जुन्या मेणबत्तीवरचा ‘२०२६’ खरवडून ‘२०२७’ करणं हेही चालत नाही.

किती लांब घ्यायची, याचा हिशेब सोपा आहे. दोन इंच जाडीची मेणबत्ती तासाला साधारण अर्धा सेंटिमीटर जळते. पन्नास दिवस रोज दीड तास धरला तर पंचाहत्तर तास, म्हणजे सुमारे अडतीस सेंटिमीटर. त्यात वर्षभराचे बाप्तिस्मे आणि अंत्यविधी धरा. तीन फुटांची पुरते.

क्रूस, अल्फा, ओमेगा आणि वर्षाचे चार आकडे धर्मगुरूंनी कोरायचे असतात. पॅराफिनचं प्रमाण जास्त असलेली मेणबत्ती थेट कोरायला गेलं की पापुद्रा सुटतो. दुपारीच गरम सुईने पुसट रेघा मारून ठेवा. धुपाच्या पाच दाण्यांसाठी पाच भोकंही तापवलेल्या खिळ्याने आधी पाडा. गार खिळा ठोकला तर मेणबत्तीला उभी चीर जाते आणि ती चीर पुढे पन्नास दिवस वाढत राहते.

मेणबत्ती विझते त्याचं कारण वारा कमी आणि वितळलेलं मेण जास्त. नवी वात बारीक असते, वितळलेलं मेण भोवती साचतं आणि वात त्यात बुडते. शनिवारी सकाळी ती दहा-पंधरा मिनिटं पेटवा, वरचं मेण पेल्यासारखं होऊ द्या, मग साचलेलं मेण ओतून टाका आणि वात अर्धा इंच उभी ठेवा. रात्री लगेच पेट घेते. अग्नीतून ज्योत घेताना मेणबत्ती कधीच आगीवर धरू नका, बाजूचं मेण ढासळतं. लांब काडीने ज्योत आणा.

लोकांच्या मेणबत्त्या: अपेक्षित माणसं अधिक दहा टक्के. पुठ्ठ्याची चकती किमान तीन इंच व्यासाची. ज्योत पुढे देताना पेटलेली मेणबत्ती सरळ ठेवायची आणि न पेटलेली तिरकी करायची. हे एवढं एक वाक्य निवेदकाने आधी सांगितलं तर बाकांवरचं निम्मं मेण वाचतं. सांडलेलं मेण लगेच पुसू नका. थंड झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने उचला, सागवानी बाकावर राहिलेला डाग खाकी कागद ठेवून कोमट इस्त्रीने निघतो.

गिरीजकर

दिव्यांचं काय? आमच्याकडे गौरवगीतापर्यंत, म्हणजे जुन्या करारातल्या वाचनांनंतरच्या ‘ग्लोरिया’पर्यंत, पूर्ण काळोख ठेवतात. वाचकांना टॉर्च धरावी लागते. हे बरोबर आहे का?

जुना वेदीसेवक

रूढी बऱ्याच ठिकाणी आहे, पण मिस्साग्रंथातला (अधिकृत उपासनाग्रंथातला) क्रम वेगळा. ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ तीन वेळा गायचं. पहिल्यांदा चर्चच्या दारात, तेव्हा फक्त धर्मगुरूंची मेणबत्ती पेटते. दुसऱ्यांदा चर्चच्या मध्यभागी, तेव्हा सगळ्यांच्या. तिसऱ्यांदा वेदीसमोर लोकांकडे तोंड करून, आणि त्यानंतर चर्चचे दिवे लावायचे. वेदीवरच्या मेणबत्त्या तेवढ्या बाकी ठेवायच्या, त्या गौरवगीताच्या वेळी. म्हणजे गौरवगीताला काहीच उरत नाही असं नाही: वेदीच्या मेणबत्त्या, सगळ्या घंटा, फुलं, उरलेले झोतदिवे. पण जुन्या करारातली वाचनं लोकांना ऐकू यावीत आणि वाचकाला दिसावीत, यासाठी मधला उजेड लागतोच. टॉर्चच्या उजेडात वाचणारा माणूस शब्द शोधत राहतो.

मेन स्विच बंद करून काळोख करू नका. मेन बंद झाला की इन्व्हर्टर चालू होतो आणि भिंतीवरचे इमर्जन्सी लाइट भक्कन पेटतात. ध्वनियंत्रणाही बंद पडते आणि परत चालू करताना भोंगे कर्कश ओरडतात. दिवे एकेका बटणाने मालवा, इमर्जन्सी लाइटच्या पिना काढा, आणि बोर्डापाशी एकच माणूस ठेवा, ज्याच्या हातात क्रम लिहिलेला कागद आहे. दुपारी एकदा खिडक्या-पडदे लावून सराव घ्या. बाहेरच्या रस्त्याचा हॅलोजन आत येत असेल तर तेव्हाच कळतं.

आळीप्रमुख

भोंग्यांवरून एक सांगायला हवं. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. राज्य सरकार वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त पंधरा, दहा ते बारा अशी सूट देऊ शकतं. ती यादी दरवर्षी पाहावी लागते, गृहीत धरू नये. रात्री साडेदहा-अकराला विधी सुरू करणाऱ्यांनी अंगणातला प्रकाशविधी भोंग्याशिवाय बसवावा. तेव्हा शांततेत एकच आवाज ऐकू येतो आणि तेही फार सुंदर असतं, पण लोकांना जवळ गोळा करावं लागतं. पोलीस ठाण्यात अर्ज किमान दहा दिवस आधी.

वाचनपीठ

वाचनांबद्दल लिहितो, कारण कात्री इथेच लागते. एकूण नऊ: जुन्या करारातली सात, रोमकरांस पत्र ६ आणि शुभवर्तमान. २०२७ हे वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं ‘ब’ वर्ष, म्हणून मार्क १६:१-७. सातही वाचावीत अशीच अपेक्षा आहे. कमी करायचीच तर निदान तीन. पण निर्गम १४ कधीच गाळायचं नाही. समुद्र ओलांडणं गाळलं तर पुढच्या बाप्तिस्म्याच्या पाण्याला मागचा संदर्भ उरत नाही.

प्रत्येक वाचनाची घडी तीच: वाचन, स्तोत्र, उभं राहणं, क्षणभर शांतता, धर्मगुरूंची प्रार्थना. निर्गमनंतर मात्र वाचकाने ‘हा प्रभूचा शब्द’ असं म्हणायला थांबू नये. वाचनाचं शेवटचं वाक्यच ‘तेव्हा त्यांनी हे गीत गायिले’ अशा अर्थाचं आहे, गायकवृंदाने तिथून थेट गीत उचलायचं. मध्ये पाच सेकंद हार्मोनियमचा सूर शोधला की तो धागा तुटतो.

सात वाचनांसाठी सात वेगळे वाचक, वयाने वेगवेगळे. बारूखचं वाचन सर्वांत अवघड, लांब वाक्यं आणि फिरते विचार, ते अनुभवी माणसाला द्या. यहेज्केल ३६ मधलं ‘नवे हृदय’ प्रौढ बाप्तिस्मा असेल त्या वर्षी तरी ठेवाच. वेळेचा अंदाज: प्रकाशविधी पंचवीस मिनिटं, सातही वाचनं घेतली तर तास-सव्वा तास, बाप्तिस्मा अर्धा तास, पुढचा भाग चाळीस मिनिटं. तीन तासांची रात्र आहे हे आधीच्या रविवारी जाहीर करा. लोक थकतात ते लांबीमुळे कमी आणि कधी संपणार हे माहीत नसल्यामुळे जास्त.

शुभवर्तमानाच्या मिरवणुकीत त्या रात्री मेणबत्त्या न्यायच्या नाहीत, फक्त धूप. पास्काची मेणबत्ती वाचनपीठाजवळ तेवत असते, तीच पुरे. वेदीसेवक सवयीने मेणबत्त्या उचलतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

सुरावट

गायकवृंदासाठी. पास्काची घोषणा, म्हणजे एक्झुल्टेट, उपधर्मगुरू नसेल तर धर्मगुरूंनी किंवा गायकानेही गायची मुभा आहे. सामान्य प्रापंचिक गात असेल तर ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ हे अभिवादन आणि धर्मसेवकाने स्वतःसाठी प्रार्थना मागण्याचा भाग गाळायचा. वही आधी पेन्सिलने खुणा करून ठेवा. सगळे मेणबत्त्या धरून उभे असतात, त्यामुळे फार सावकाश गाऊ नका. दहा-बारा मिनिटांत बसायला हवी.

पहिला आलेलुया तीन वेळा, दर वेळी चढत्या सुरात. इथे सगळे फसतात, कारण पहिलाच सूर उंच धरतात. हार्मोनियमच्या काळी एकपासून धरा, दुसरा काळी दोन, तिसरा पांढरी चार. धर्मगुरूंचा आवाज खालचा असेल तर आणखी खाली उतरा, पण पायऱ्या समान ठेवा. चाळीस दिवस ज्या शब्दाला तोंड लावलेलं नाही तो पुन्हा येतो आहे, हे कानाला कळलं पाहिजे. त्यामागून स्तोत्र ११८.

गुरुवारच्या गौरवगीतापासून शनिवारच्या गौरवगीतापर्यंत वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून, एकटी वाजवायची नाहीत. घंटाही नाहीत. ईस्टरच्या दिवसाच्या मिस्सेत सिक्वेन्स (सणाचं खास गीत) आलेलुयाच्या आधी येतो, नंतर नव्हे. ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या दोन्ही दिवशी तो ऐच्छिक नाही.

दीक्षावर्ग

प्रौढांचा बाप्तिस्मा असेल तर तयारी शनिवारी सुरू होत नाही. दीक्षार्थींच्या, म्हणजे बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढांच्या, निवडीचा विधी प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी, १४ फेब्रुवारीला. त्यानंतर २८ फेब्रुवारी, ७ मार्च, १४ मार्च या तीन रविवारी परीक्षण विधी. या तीन रविवारी दीक्षार्थी हजर असलेल्या मिस्सेला ‘ब’ वर्षाची नव्हे, ‘अ’ वर्षाची वाचनं घ्यायची: शोमरोनी स्त्री, जन्मांध, लाजरस. नेमकं हेच राहून जातं, कारण छापील पत्रिकेत ‘ब’ ची वाचनं असतात.

धर्ममाता-धर्मपिता सोळा वर्षांवरचे, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालेले हवेत. त्यांचे दाखले फेब्रुवारीतच मागवा. संतांच्या लितानीत (नामावलीच्या प्रार्थनेत) धर्मग्रामाचे आश्रयदाते संत आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे नामसंत घाला. आपल्याकडे संत गोन्सालो गार्सिया यांचं नाव असायलाच हवं, ते वसईचेच सुपुत्र, १५९७ मध्ये नागासाकीला रक्तसाक्षी झाले. लितानी उभ्याने, पास्का काळ आहे म्हणून गुडघे टेकायचे नाहीत.

प्रौढांना बाप्तिस्मा देणारे धर्मगुरूच त्याच विधीत दृढीकरण देतात. म्हणून नोंदवहीत दोन्ही नोंदी त्याच आठवड्यात करा. बाप्तिस्म्याची होते, दृढीकरणाची राहते, आणि वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी धावाधाव होते.

नव्या बावखलाजवळ

पाण्याचा प्रश्न कुणी घेतला नाही. प्रायश्चित्त काळात दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या वाट्या रिकाम्या करून त्यात वाळू भरतात, ते योग्य का? आणि शनिवारचं पाणी महिन्याभरात हिरवट का होतं?

दीक्षावर्ग

वाळू नको. २००० साली रोमच्या उपासना विभागाने स्पष्ट केलंय: पवित्र पाणी हे प्रायश्चित्त काळातही हवंच. वाट्या रिकाम्या करायच्या त्या फक्त ईस्टरआधीच्या शेवटच्या तीन दिवसांसाठी, जागरणात नवं पाणी मिळेपर्यंत.

पाणी हिरवं होतं ते तीन कारणांनी: उघडं भांडं, ऊन आणि फुलांच्या पाकळ्या. सजावटीला पाकळ्या टाकल्या की तिसऱ्या दिवशी बुळबुळीत थर येतो. जागरणाचं बाप्तिस्मा कुंड शनिवारी सकाळी घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, दुहेरी मलमलीतून गाळलेल्या पाण्याने भरा. विधीत पास्काची मेणबत्ती एकदा किंवा तीनदा पाण्यात उतरवतात. तेव्हा एक वेदीसेवक कापड घेऊन जवळ हवा, ओली मेणबत्ती निसटते. विधीनंतर तीस-चाळीस लिटर पाणी झाकणाच्या स्टीलच्या पिंपात सावलीत ठेवा. संपूर्ण पास्का काळात मुलांच्या बाप्तिस्म्याला हेच पाणी वापरायचं, पुन्हा आशीर्वाद नाही, त्याऐवजी उपकारस्मरणाची प्रार्थना. पाणी बिघडलंच तर झाडाच्या मुळाशी ओता, गटारात नाही.

लोकांना घरी न्यायला वेगळं पिंप, नळाचं. हजार माणसांच्या धर्मग्रामाला दीडशे-दोनशे लिटर धरा. नळ दारापासून दूर ठेवा, नाहीतर बाटल्यांची रांग बाहेर पडणाऱ्या गर्दीला अडवते.

सांडोरची लेक

पुढच्या पन्नास दिवसांबद्दल थोडं. पहिले आठही दिवस महोत्सवाचे. म्हणून त्या शुक्रवारी, २ एप्रिलला, मांसवर्जन नाही. मिस्सेच्या शेवटी ‘आलेलुया, आलेलुया’ जोडून निरोप द्यायचा, तो या आठ दिवसांत आणि नंतर थेट पेंटेकॉस्टला.

यंदा २५ मार्च पवित्र गुरुवारी येतो, त्यामुळे देवदूताच्या संदेशाचा सण (येशूच्या जन्माची वार्ता मरियेला मिळाली तो) पुढे सरकतो: ईस्टरनंतरच्या, म्हणजे दैवी दयेच्या, रविवारनंतरच्या सोमवारी, ५ एप्रिलला. दिनदर्शिका छापायला देणाऱ्यांनी हे आत्ताच तपासा.

एप्रिल-मे म्हणजे आपला लग्नांचा हंगाम. पहिल्या आठ दिवसांत आणि पास्का काळातल्या रविवारी लग्न लागू शकतं, पण मिस्सा त्या दिवसाचीच, वाचनंही त्या दिवसाचीच. लग्नाची वाचनं नाहीत, वधूवरांचा आशीर्वाद मात्र राहतो. पत्रिका आणि पुस्तिका छापून झाल्यावर हे कळतं आणि घरचे नाराज होतात. नोंदणीच्या वेळीच सांगा. आणि पुस्तिकेत पहिलं वाचन जुन्या करारातलं टाकू नका, या दिवसांच्या मिस्सेत ते प्रेषितांच्या कृत्यांतून असतं.

रोजच्या ‘देवदूताचा संदेश’ या प्रार्थनेऐवजी तिन्ही वेळा ‘हे स्वर्गाच्या राणी’, उभ्याने, पेंटेकॉस्टपर्यंत. मे महिन्यात आळीतल्या क्रूसाजवळ रोझरी असते, तिथेही शेवटी हेच घ्यावं.

आळीप्रमुख

आजाऱ्यांची यादी ही याच काळातली सर्वांत मोठी सेवा. वर्षातून एकदा तरी, आणि तेही पास्काच्या काळात, ख्रिस्तशरीर घ्यावं असा धर्मसभेचा नियम आहे, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं त्याची वाट पाहत असतात. आळीवार यादी झावळ्यांच्या रविवारीच गोळा करा: नाव, घर, गिळता येतं का, ऐकू येतं का, प्रायश्चित्त संस्कार हवा का, घरी कोण असतं. एका सेवकाला सहा घरांपेक्षा जास्त नको, नाहीतर प्रत्येक घरी दोन मिनिटं आणि पळापळ. घरच्यांनी लहान टेबल, पांढरं कापड, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवावं. पंखा मेणबत्ती पेटवण्याआधी बंद करा. गिळता येत नसेल तर अगदी छोटा तुकडा चमचाभर पाण्यासोबत द्या. आजारी माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना ख्रिस्तशरीर घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासाचं बंधन नाही. बऱ्याच आज्या या भीतीने सकाळपासून औषधही घेत नाहीत, त्यांना आवर्जून सांगा.

गिरीजकर

क्रूसाच्या वाटेला दर शुक्रवारी गर्दी होते. या पन्नास दिवसांत तसं काही घेता येईल का?

सांडोरची लेक

‘प्रकाशाची वाट’ घ्या. चौदा थांबे, रिकाम्या कबरीपासून पेंटेकॉस्टपर्यंत. लोकभक्तीवरच्या रोमच्या २००१ च्या मार्गदर्शिकेत तिची शिफारस आहे. आठवड्याला दोन थांबे घेतले तर सात आठवड्यांत बरोबर पूर्ण होते. प्रत्येक आठवडा एका आळीकडे द्या, शेजाऱ्याच्या अंगणातून पुढच्या अंगणात जायचं. अम्माऊसचा थांबा जेवणाच्या टेबलाजवळ, तिबिर्याच्या सरोवराचा कोळीवाड्यात किंवा बंदरावर. प्रत्येक थांब्याला शुभवर्तमानातला उतारा पूर्ण वाचा, स्वतःचं भाषण दोन मिनिटांच्या वर नको. क्रूसाऐवजी पेटलेली मेणबत्ती न्यायची, काचेच्या चिमणीत, कारण संध्याकाळी खाडीचा वारा असतो.

जुना वेदीसेवक

शेवटचा टप्पा. स्वर्गारोहण गुरुवारी ६ मेला की रविवारी ९ मेला, ते धर्मप्रांताच्या कॅलेंडरप्रमाणे. पवित्र आत्म्याची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) मात्र शुक्रवारी ७ मेला सुरू होऊन शनिवारी १५ मेला संपते. त्या रात्री पेंटेकॉस्टचंही लांब जागरण घेता येतं, जुन्या करारातली चार वाचनं: बाबेल, सीनाय, सुकलेली हाडं, योएल. ज्या गायकवृंदाने मार्चमध्ये तयारी केली आहे त्याला हे जड जात नाही.

पास्काची मेणबत्ती स्वर्गारोहणाला विझवून काढून टाकायची नाही. ती रविवारी १६ मेच्या शेवटच्या प्रार्थनेपर्यंत वाचनपीठाजवळ. मग बाप्तिस्मा कुंडाजवळ न्यायची. तिथून ती बाप्तिस्म्याला पेटते, आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ आणून ठेवायची. खालचं स्टँड जड हवं, किमान दहा-बारा किलोचं, कारण अंत्यविधीच्या गर्दीत धक्का लागतोच.

मेणवाली

आणि उरलेल्या २०२६ च्या मेणबत्तीचं मेण वाया घालवू नका. आकडे आणि धुपाचे दाणे काढून दुहेरी भांड्यात, खाली पाणी वर मेण, मंद आचेवर वितळवा, थेट गॅसवर ठेवू नका. मलमलीतून गाळून साक्रिस्तीतल्या (उपासनेचं साहित्य ठेवण्याच्या खोलीतल्या) छोट्या मेणबत्त्या ओतता येतात. वात आधी त्याच मेणात बुडवून वाळवायची, म्हणजे ती सरळ राहते आणि धूर कमी करते.